रीलला व्ह्यूज आले, गिऱ्हाईक आलं नाही. मग दुकानाचे व्हिडिओ करायचे की नाही?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. भांडुप पश्चिमेला वडिलांचं मिक्सर, पंखे, इस्त्री, गिझर दुरुस्तीचं जुनं दुकान. धंदा बसलेला नाही, पण पूर्वीसारखा राहिलाही नाही, नवीन टॉवरमधली माणसं दुकानापर्यंत येतच नाहीत. म्हणून मुलीने एका एजन्सीला दोन महिने पैसे देऊन रील्स करून घेतल्या. शटर वर जातंय, स्लो मोशनमध्ये मोटरमधून ठिणग्या उडतायत, मागे दणदणीत गाणं. (मिक्सरमधून अशा ठिणग्या उडणं हा आजार आहे हे एजन्सीला कुणी सांगितलं नसावं.) एका रीलला चाळीस हजारांवर व्ह्यूज आले आणि ‘रील बघून आलो’ म्हणणारा एक माणूस आला नाही. आता त्या विचारतायत की चांगला कॅमेरा घ्यावा का, रोज टाकावं का, कुठलं ॲप धरावं, आणि बाबा कॅमेरा दिसला की गप्प होतात त्याचं काय करायचं.

कॅमेऱ्याचं उत्तर लगेच देऊन टाकते, नको. हातात आहे तो फोन पुरे. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं द्यायच्या आधी मूळ दुखणं बघू, कारण माझ्या मते तुम्ही जे विचारताय ते आणि तुम्हाला जे हवंय ते वेगळं आहे.

मी मुलुंडपासून दादर-परळपर्यंतच्या छोट्या दुकानदारांसाठी असले व्हिडिओ बरीच वर्षं करते. सुरुवात केली तेव्हा रील वगैरे काही नव्हतं, लोकल केबलवर खाली पट्टी धावायची, ‘आमचे येथे सर्व प्रकारचे...’ आणि पुढे फोन नंबर. दिसायला अगदीच गरीब जाहिरात, पण तिच्यात एक गोष्ट फार चांगली होती. केबलवाल्याची वायर जितक्या गल्ल्यांत गेलेली तितक्याच घरांत ती पट्टी दिसायची. म्हणजे बघणारा प्रत्येक जण दुकानापासून चालत येऊ शकेल असा. तुमच्या चाळीस हजारांत असे किती होते? इन्स्टाग्रामच्या इन्साइट्समध्ये (व्हिडिओ कोणी पाहिला त्याच्या आकडेवारीत) शहरांची यादी दिसते ती उघडून बघा. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सुरत असं काहीतरी निघेल, आणि त्यात मुंबई वर असली तरी फार खूश होऊ नका, मुंबई म्हणजे दहिसरपण आणि कुलाबापण. बंद पडलेला मिक्सर पिशवीत घालून कुलाब्याहून भांडुपला कोण येणारे?

तर खरा प्रश्न व्ह्यूजचा नाहीच. भांडुपमध्ये आत्ता ज्या घरात मिक्सर बंद पडलाय त्या घराला तुमचं दुकान सापडतं का, आणि सापडलं तर विश्वास बसतो का, एवढंच बघायचं. व्हिडिओ या दोन्हीला मदत करतो, पण त्यासाठी तो वेगळ्या तऱ्हेचा लागतो आणि तो दुसऱ्याच जागी ठेवावा लागतो.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या आधी तपासा. तुम्ही लालबागहून मसाला पॅक करून कुरिअरने पाठवत असता तर मी म्हटलं असतं लांबचे व्ह्यूजही चालतील, नागपूरची बाईसुद्धा ऑर्डर देऊ शकते. दुरुस्तीचं तसं नाही. दुसरं म्हणजे बाबा एकटे आहेत की हाताखाली कोणी आहे? फळीवर आधीच ‘उद्या देतो’वाले नग साठलेले असतील तर व्हिडिओ करून आणखी गिऱ्हाईक बोलावण्यात अर्थ नाही, नवा माणूस पहिल्यांदा येतो, तीन चकरा मारतो आणि गुगलवर एक स्टार देऊन जातो. तिसरं, फोन कोण उचलणार? बाबांच्या हाताला ग्रीस लागलेलं असतं, फोन वाजत राहतो. व्हिडिओत दिलेला नंबर उचलला गेला नाही तर गिऱ्हाईक पुढच्या नंबरला लावतं. याचं काही जमवता येत असेल तरच पुढे वाचा.

विषय कुठून आणायचे? हे लोक फार अवघड करून ठेवतात. काउंटरवर एक वही ठेवा आणि गिऱ्हाईक आल्याआल्या जे वाक्य बोलतं ते तसंच्या तसं लिहून ठेवा. ‘मोटर फिरतेय पण आतलं पातं फिरत नाही.’ ‘भांड्याखालून पाणी गळतं.’ ‘पंखा पाचवर आहे तरी हळूच.’ ‘इस्त्री वायर हलवली की चालू होते.’ ‘दुरुस्त करू की नवीन घेऊ?’ ही वाक्यं म्हणजेच तुमचे व्हिडिओ, आणि तीच त्यांची शीर्षकं. कारण घरी बसलेला माणूस गुगलवर किंवा यूट्यूबवर हेच टाइप करतो, ‘मोटर वाइंडिंग स्पेशालिस्ट’ असं कोणी शोधत नाही.

एक उदाहरण पूर्ण सांगते. जास्त डाळ घातली किंवा घट्ट वाटण एकदम फिरवलं की मिक्सर धाडकन बंद पडतो, बाई घाबरते, जळला म्हणते. बहुतेक मिक्सरना खालच्या बाजूला एक ओव्हरलोडचं बटण असतं, बऱ्याचदा लाल. प्लग काढायचा, भांडं काढून थोडं रिकामं करायचं, मोटर जरा थंड होऊ द्यायची, मिक्सर उलटा करून ते बटण दाबायचं, मिक्सर पुन्हा चालू. तुमच्या बाबांकडे असे मिक्सर नक्की येत असणार आणि ते नुसतं बटण दाबून फुकट परत देत असणार. याचा चाळीस-पन्नास सेकंदांचा व्हिडिओ करा. पहिल्या फ्रेममध्ये मिक्सर, बटण फिरवलं, काहीच होत नाही. मागून तुमचा आवाज, ‘बाबा, हा जळला का?’ बाबा मिक्सर उलटा करतात, बोट बटणावर. टक. सरळ करून चालू. आणि शेवटी बाबांचं एक वाक्य, की बटण पुन्हा पुन्हा उडत असेल किंवा जळका वास येत असेल तर मात्र दाबत बसू नका, घेऊन या. संपलं. नमस्कार मित्रांनो नको, लोगो गोल फिरत येणारा नको, सबस्क्राइब करा नको.

यावर तुमचे बाबा म्हणतील, बऱ्याच दुकानदारांनी मला म्हटलंय, ‘सगळं फुकट सांगितलं तर मी खाऊ काय?’ प्रश्न रास्त आहे. पण बटण दाबायचे पैसे ते आजही घेत नाहीत. कार्बन (मोटरमधला झिजणारा तुकडा) बदलायचा, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) बघायचं, बुश बसवायचा, हे बघून कोणी घरी करणार नाही, आणि ज्याला हौस आहे तो तसाही करणारच. जो माणूस पैसे न घेता खरं सांगतो त्याच्याकडे पैशाचं काम आपसूक येतं, हे दुकानात तुमच्या बाबांनी आयुष्यभर केलंय. काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाला जे कळतं ते टॉवरमधल्या माणसाला कळावं, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

एक मर्यादा मात्र पाळा. घरच्या माणसाने प्लग काढून बघण्यासारखं असेल तेवढंच ‘करून बघा’ म्हणून दाखवायचं. गिझर उघडणं, पंख्याचा कपॅसिटर बदलणं, इस्त्रीची वायर जोडणं, हे दाखवायचं असेल तर दुकानात बाबा करतायत असं दाखवा आणि घरी करू नका हे तोंडाने बोला. पंखा हळू झाला की बऱ्याचदा कपॅसिटर उतरलेला असतो, छोटं काम आहे, पण शिडीवर चढून, करंट बंद केलाय की नाही न बघता कोणी हात घातला आणि तुमचा व्हिडिओ बघून घातला, तर ते आपल्याला नको.

बाबा गप्प होतात ही मला अडचण वाटतच नाही. त्यांना कॅमेऱ्याकडे बघून बोलायला सांगूच नका. फोन त्यांच्या हातांवर ठेवा, चेहरा फ्रेममध्ये आला नाही तरी चालेल, आणि तुम्ही मागून विचारा. एकदम खरं विचारायचं, पाठ केलेलं नाही. हातात काम असलं की कारागीर माणूस बोलतो. मला एका गिरणगावातल्या शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांचं आठवतं, कॅमेऱ्यासमोर खुर्चीवर बसवलं तेव्हा ‘हो’ आणि ‘नाही’च्या पलीकडे गेले नाहीत, पण मशीन उघडून दिलं आणि ‘काका, दोरा सारखा का तुटतो?’ विचारल्यावर थांबेनात. दोरा ओवायचा कसा, सुई उलटी कशी लावतात लोक, तेल कुठलं घालतात चुकीचं, सगळं आलं. त्यातून आम्ही छोटे छोटे तुकडे काढले. बाबा मालवणीत बोलत असतील, मध्येच हिंदीत घुसत असतील, तर तसंच राहू द्या. भांडुपमध्ये सगळ्या भाषांचं गिऱ्हाईक आहे, पलीकडे मुलुंडला गुजराती. आवाज बाबांचा जसा आहे तसा, खाली अक्षरं मराठीत, आणि शीर्षकात मराठीबरोबर इंग्रजी अक्षरांत ‘मिक्सर रिपेअर भांडुप वेस्ट’ असं टाका, कारण मराठी माणूससुद्धा शोधताना बऱ्याचदा तसंच टाइप करतो.

शूटिंगचं दोन गोष्टींवर अडतं, उजेड आणि आवाज. दुकानात जुनी ट्यूबलाइट असेल तर व्हिडिओत आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात, चित्र लुकलुकतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, फोन बहुतेक वेळा सेकंदाला ३० फ्रेमवर शूट करतो, दोघांचं जमत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये २५ किंवा ५० फ्रेम असेल तर ते लावा, अँटी-फ्लिकर (लुकलुक थांबवणारं सेटिंग) असेल तर ५० हर्ट्झ करा, आणि यातलं काहीच नसेल तर ट्यूब बंद करून टेबल दाराजवळ ओढा. सकाळचा बाहेरचा उजेड फुकट मिळतो आणि सगळ्यात चांगला असतो. फोन हातात धरू नका, हात हलतो, स्टुलावर दोन डब्यांमध्ये टेकवून ठेवला तरी चालतो. फोन स्टँड घेतलात तर उत्तमच.

आवाजावर मात्र थोडे पैसे घालाच. चित्र जरा मळकट असलं तरी लोक बघतात, आवाज कळला नाही की लगेच पुढे सरकतात. एलबीएस मार्गाच्या आसपास रिक्षा, बेस्ट, हॉर्न, त्यात मिक्सरची घरघर. साधा वायरवाला कॉलर माइक हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो, तो बाबांच्या शर्टाला लावा. दुपारी दुकान शांत असतं तेव्हा शूट करा. आणि बोलताना मिक्सर बंद, मिक्सर चालू असताना बोलणं बंद. हा नियम पाळलात तर दुरुस्तीआधीचा खडखडाट आणि नंतरचा नीट आवाज, दोन्ही स्वच्छ ऐकू येतात, आणि दुरुस्तीच्या धंद्यात यापेक्षा मोठा पुरावा नाही. त्यावर गाणं लावलंत तर तोच पुरावा तुम्ही झाकून टाकला. एजन्सीने नेमकं हेच केलंय.

गाण्याचं आणखी एक आहे. सिनेमाचं गाणं धंद्याच्या व्हिडिओला लावायचं तर हक्कांचा प्रश्न येतो. इन्स्टाग्रामच्या बिझनेस अकाउंटवर बरीचशी लोकप्रिय गाणी दिसतच नाहीत ती त्यामुळेच, आणि यूट्यूबवर कॉपीराइट क्लेम येऊ शकतो. तुम्हाला गाण्याची गरजच नाहीये, त्यामुळे हा ताप घेऊच नका.

आता कुठे टाकायचं. इथे माझा क्रम बहुतेकांच्या उलटा आहे, इन्स्टाग्राम सगळ्यात शेवटी.

पहिलं गुगल मॅप्स. ‘मिक्सर रिपेअर निअर मी’ असं शोधणारा माणूस म्हणजे मिक्सर बंद पडलेला, आज दुरुस्त करायचाच आहे असा माणूस. दुकानाचं बिझनेस प्रोफाइल केलेलं नसेल तर बाकी सगळं सोडून आधी ते करा. गुगल आजकाल पडताळणीसाठी बऱ्याचदा व्हिडिओच मागतं, एकसलग, कापाकापी न केलेला, ज्यात आजूबाजूचा रस्ता, दुकानाची पाटी, आतली हत्यारं आणि दुकान तुम्हीच चालवता हे दिसलं पाहिजे, म्हणजे शटर उघडणं, काउंटरच्या आत जाणं वगैरे. माणसांचे चेहरे आणि बँकेची कागदपत्रं दाखवू नका. पडताळणी झाली की प्रोफाइलवर तुमचे व्हिडिओ टाका, तिथे मर्यादा ३० सेकंद आणि ७५ एमबीची आहे, त्याहून मोठे असतील ते कापून टाका. त्यातला एक व्हिडिओ रस्त्याचा करा. स्टेशनच्या बाहेर पडल्यावर कुठे वळायचं, कुठल्या नाक्यावर, कुठल्या बँकेच्या शेजारी, गल्लीच्या तोंडाशी काय आहे. मुंबईत पत्त्याने कोणी पोचत नाही, खुणेने पोचतात. हा व्हिडिओ बघून मी भेटलेले सगळे दुकानदार म्हणतात यात काय दाखवण्यासारखं आहे, आणि गिऱ्हाईकाला तोच पाठवावा लागतो.

दुसरं यूट्यूब. रील चार दिवसांत वाहून जाते, यूट्यूबवरचा ‘मिक्सर भांड्याखालून गळतो’ हा व्हिडिओ कोणी शोधेल तेव्हा समोर येऊ शकतो, दोन वर्षांनीसुद्धा. इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा, ऑक्टोबर २०२४ पासून उभा आणि तीन मिनिटांच्या आतला व्हिडिओ शॉर्ट्समध्ये (यूट्यूबच्या रीलसारख्या छोट्या व्हिडिओंत) धरला जातो, आधी ही मर्यादा एका मिनिटाची होती. आणि शॉर्ट्सच्या वर्णनात दिलेली लिंक दाबता येत नाही, २०२३ पासूनच बंद केलीय. म्हणून लिंकवर भरवसा ठेवू नका. दुकानाचं नाव, ‘भांडुप वेस्ट’ आणि नंबर चित्रातच लिहा आणि शेवटी तोंडाने बोला. जरा मोठं उत्तर असेल, उदाहरणार्थ दुरुस्त करू की नवीन घेऊ, तर फोन आडवा धरून तीन-चार मिनिटांचं करा.

नंबर चित्रात हवा याचं खरं कारण वेगळं आहे. टॉवरमधली माणसं दुकानदार कुठे शोधतात? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ‘कोणाला चांगला मिक्सरवाला माहितीये का?’ असा मेसेज पडतो आणि कोणीतरी नंबर टाकतं. त्या क्षणी नंबराबरोबर तुमचा लाल बटणाचा व्हिडिओ पडला पाहिजे. फॉरवर्ड होत होत व्हिडिओखालचं लिखाण गळून पडतं, चित्रातलं राहतं. मी व्हिडिओ तपासताना हेच बघते, की शेजारीण हा ग्रुपवर टाकेल का? तुमची शटरवाली रील कोणी टाकणार नाही. लाल बटणाचा टाकतील, कारण तो टाकण्यात त्यांनाही शहाणपण मिरवता येतं.

व्हॉट्सॲपवर साधं नाही, बिझनेसवालं ॲप घ्या. त्यात क्विक रिप्लाय म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली उत्तरं असतात, त्यांना व्हिडिओही जोडता येतो. गिऱ्हाईकाने लिहिलं ‘मिक्सर अचानक बंद पडला’ की बाबांनी टाइप करत बसायचं नाही, दोन बोटांत तो व्हिडिओ जातो. निम्मं संभाषण तिथेच संपतं आणि जो घेऊन येतो तो खरंच दुरुस्तीचा नग घेऊन येतो. स्टेटसला रोज काहीतरी लावा म्हणतात, लावा, पण लक्षात असू द्या की स्टेटस २४ तासच राहतं आणि ज्याच्याकडे तुमचा नंबर सेव्ह आहे आणि तुमच्याकडे त्याचा आहे त्यालाच दिसतं. ब्रॉडकास्ट लिस्टचंही (एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायची यादी) तसंच, नंबर सेव्ह नसेल तर मेसेज पोचत नाही. म्हणून आधी नंबर सेव्ह करवून घ्या. दुरुस्त करून दिलेल्या प्रत्येक मिक्सरच्या खाली, त्या लाल बटणाच्या शेजारी, नाव-नंबरचं स्टिकर. जुने मेकॅनिक हे करायचेच, त्यावर आता एक क्यूआर कोड टाका जो स्कॅन केला की व्हॉट्सॲप उघडेल.

इन्स्टाग्राम सोडून द्या असं मी म्हणत नाही. वर केलेलेच व्हिडिओ तिथेही टाका, वेगळी मेहनत नको. फक्त एका ॲपमधून डाउनलोड केलेला, त्याच्या वॉटरमार्कसकट दुसरीकडे टाकू नका, इन्स्टाग्राम असे व्हिडिओ कमी पुढे करतं. मूळ फाइल फोनच्या बाहेर कुठेतरी जपून ठेवा. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं तेव्हा अनेक छोट्या धंदेवाल्यांचं सगळं काम त्या एका अकाउंटमध्ये होतं, आणि ज्यांनी फाइली ठेवल्या नव्हत्या त्यांना शून्यापासून सुरू करावं लागलं.

रोज टाकायची अजिबात गरज नाही. आठवड्याला एक, पण मोसमाच्या आधी. मिक्सरचं काम वाढतं ते उन्हाळ्यातल्या मसाल्यांच्या वेळी आणि मग गणपती-दिवाळीच्या तोंडावर, पंख्याचं होळीच्या सुमाराला, गिझरचं थंडी पडली की, आणि आपल्याकडे थंडी पडते म्हणजे एका रात्रीत पडते आणि सगळ्यांना एकाच सकाळी कळतं की गिझर चालत नाहीये. व्हिडिओ त्याआधी महिनाभर टाकलेला असावा म्हणजे शोधात तो वर यायला वेळ मिळतो. पावसाळ्यात इस्त्रीला हात लावला की चिमटा बसतो, हा तर मुंबईचाच विषय आहे, तो मेच्या शेवटी तयार पाहिजे.

पैसे घालून बूस्ट करायचं का? पहिले तीन महिने नको. नंतर करायचंच झालं तर जो व्हिडिओ आपोआप चाललाय, ज्यावर फोन आलेत, त्यालाच करा, आणि वर्तुळ छोटं ठेवा, दोन-तीन किलोमीटर. एजन्सीवाले दहा किलोमीटर ठेवतात. आता भांडुपवर बोट ठेवून नकाशात दहा किलोमीटरचं वर्तुळ काढून बघा, पश्चिमेला नॅशनल पार्क आणि त्याच्या पलीकडचं गोरेगाव-मालाड, पूर्वेला खाडीपल्याडची ऐरोली. बिबट्याला मिक्सर दुरुस्त करायचा नसतो आणि ऐरोलीचा माणूस खाडीपूल ओलांडून इस्त्री घेऊन येत नाही. अगदी रेल्वेलाइनच्या पलीकडचं भांडुप पूर्वसुद्धा हातातल्या जड पिशवीच्या हिशेबाने लांबच असतं. आणि बजेट धरताना जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो हे धरा.

काही पथ्यं पटापट सांगते. टेबलावर दुसऱ्या गिऱ्हाइकांचे नग असतात, त्यावर नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेला कागद चिकटवलेला असतो, शूट करताना तो उलटा करा. गिऱ्हाइकाचा चेहरा किंवा घर विचारल्याशिवाय नको. कुठल्या कंपनीचा माल टुकार आहे असं नाव घेऊन बोलू नका, बाबांचं मत खरं असलं तरी, कागदोपत्री सिद्ध करायची वेळ आली तर कोण बसणार. अधिकृत सर्व्हिस सेंटर नसाल तर तसं भासवूही नका. ‘मुंबईत नंबर एक’, ‘१०० टक्के गॅरंटी’ असलं लिहू नका, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर दंडाची तरतूद आहे आणि मुळात त्याने कोणाचा विश्वासही बसत नाही. त्यापेक्षा ‘बदललेला पार्ट परत देतो’ हे दाखवा, झिजलेला कार्बन आणि नवा कार्बन शेजारी शेजारी ठेवून. दराबद्दलही बोला, लोक त्याचीच वाट बघत असतात. नेमका आकडा सांगता येत नाही हे खरं आहे, पण बघायचे पैसे लागतात की नाही, खर्च कशामुळे वाढतो, आणि कधी बाबा स्वतःच ‘यात पैसे घालू नका’ म्हणतात, एवढं सांगता येतं. आकडा सांगितलात तर महिना-वर्ष चित्रात लिहा, नाहीतर तीन वर्षांनी कोणीतरी फोन पुढे करून भांडेल.

यश कशावरून मोजायचं? व्ह्यूज बघू नका असं म्हटलं तरी तुम्ही बघणार, बघा, पण हिशेब त्यावर करू नका. पावतीबुकात एक रकाना वाढवा, ‘कुठून कळलं’. बाबांनी नग घेताना विचारायचं आणि एक अक्षर लिहायचं, ग म्हणजे गुगल, व म्हणजे व्हॉट्सॲप, शे म्हणजे शेजारी. तीन महिन्यांनी ते पान बघा. त्यात पिनकोड ४०००७८ मधलीच माणसं असतील आणि ग-व वाढत असतील तर व्हिडिओ काम करतायत, मग प्रत्येकावर दोनशे व्ह्यूज का असेनात. वाढत नसतील तर आणखी व्हिडिओ करण्याआधी गुगलवरचे रिव्ह्यू आणि न उचललेले फोन तपासा, बहुतेक वेळा गळती तिथे असते.

शेवटचं, एजन्सीचं. तुम्ही लिहिलंय की त्यांचं काम बंद करायचंय. ते सांगायच्या आधी इन्स्टाग्राम पेज, यूट्यूब चॅनेल आणि गुगल प्रोफाइल कोणाच्या ईमेलवर उघडलंय ते बघा. पुष्कळदा एजन्सी स्वतःच्याच ईमेलवर उघडते आणि दुकानदाराला पासवर्डसुद्धा माहीत नसतो. मालकी बाबांच्या किंवा तुमच्या जीमेलवर करून घ्या, रिकव्हरीचा मोबाइल नंबर तुमचा टाका, एडिट न केलेल्या मूळ क्लिप्स मागून घ्या (त्यातल्या बाबांच्या हातांच्या क्लिप्स गाणं काढून वापरता येतील), आणि जाहिरातीसाठी तुमचं कार्ड जोडलेलं असेल तर ते काढा. ते सगळं हातात आलं की मग त्यांना कळवा.